समुद्र रिकामा नसतो: कयाक, होड्या आणि एकच पाणी

हिवाळ्यातल्या एखाद्या शनिवारी सकाळी देवबागला, कर्ली नदी समुद्राला मिळते तिथे उभं राहिलं की पाण्यावर केवढी वर्दळ असते ते कळतं. पहाटे जाळी ओढायला गेलेल्या होड्या परत येत असतात. डॉल्फिन दाखवायला निघालेल्या पर्यटकांच्या यांत्रिक नौका त्यांच्या शेजारून बाहेर पडतात. बेटाजवळ जेट स्की गिरक्या घेत असतात. ओहोटी असली तर उथळ पाण्यात बायका तिसऱ्या, म्हणजे शिंपले, काढताना दिसतात. आणि या सगळ्यांच्या मधून, पाण्यापासून जेमतेम हातभर उंचीवर बसून, पिवळ्या-केशरी प्लास्टिकच्या कयाक वल्हवत पर्यटक चाललेले असतात.

ही शेवटची मंडळी कोकण-गोव्याच्या पाण्यावर नवी आहेत आणि त्यांची संख्या वाढते आहे. तारकर्ली, वेंगुर्ला, मोरजी, नेरूळ, साळ नदी, अलिबागकडच्या खाड्या, कुठेही गेलात तरी कुणीतरी कयाक भाड्याने देतं. मला याचा मनापासून आनंद आहे. इंजिनाचा आवाज नाही, तेलाचा तवंग नाही, आणि किनाऱ्याकडे पाण्यातून पाहण्याची संधी पहिल्यांदाच सामान्य माणसाच्या हातात आली आहे. पण पाणी तेवढंच आहे. त्यावर आधीपासून कामाला असलेल्या माणसांची ये-जा, त्यांची जाळी, त्यांच्या वेळा हे सगळं समजून न घेता उतरलं तर काय होऊ शकतं, आणि ते टाळता कसं येतं, हे इथे जरा सविस्तर सांगतो.

कयाक मुळात आहे काय

कयाक ही उत्तर ध्रुवाकडच्या इन्युइट लोकांची शिकारीची नाव. वाहून आलेल्या लाकडाचा किंवा हाडांचा सांगाडा आणि त्यावर शिवलेलं सीलचं कातडं. अरुंद, हलकी, आणि इतकी बुटकी की सीलला ती सहज दिसू नये. दिसू नये म्हणूनच घडवलेली ही नाव आता आपण बोटींच्या गर्दीत घेऊन जातो, हे या लेखापुरतं लक्षात ठेवण्यासारखं आहे.

आपल्याकडे किनाऱ्यावर भाड्याने मिळते ती बहुतेकदा वर बसायची, रुंद, बंद पोकळ प्लास्टिकची कयाक. ती उलटली तर सरळ करून पुन्हा वर चढता येतं. म्हणून खाडीतल्या तासाभराच्या फेरीला ती उत्तम. खरी समुद्री कयाक वेगळी असते. लांबी साधारण 14 ते 18 फूट, रुंदी दोन फुटांच्या आत, वल्हवणारा आत बसतो आणि कमरेभोवती पाणी न शिरू देणारं आच्छादन बांधतो. पुढे-मागे पाणबंद कप्पे असतात, त्यामुळे बसायच्या जागेत पाणी भरलं तरी नाव बुडत नाही. लांबीमुळे ती सरळ चालते आणि लाट कापते. खाडीतली रुंद कयाक घेऊन दुपारी उघड्या समुद्रात जाणं म्हणजे वाऱ्याच्या हाती स्वतःला सोपवणं. भाड्याने देणाऱ्याने हे सांगायला हवं, आणि त्याने नाही सांगितलं तर घेणाऱ्याने विचारायला हवं.

या छोट्याशा नावेतून माणसं कुठवर गेली आहेत ते पाहिलं की थक्क व्हायला होतं. ऑस्कर स्पेक नावाचा जर्मन तरुण 1932 मध्ये घडीची कयाक घेऊन उल्महून डॅन्यूब नदीत उतरला, मजल दरमजल करत आपल्या पश्चिम किनाऱ्यानेही गेला आणि 1939 मध्ये ऑस्ट्रेलियाच्या उत्तर टोकाला पोहोचला. तोवर महायुद्ध सुरू झालं होतं, म्हणून शत्रुराष्ट्राचा नागरिक ठरवून त्याला तिथे स्थानबद्ध केलं गेलं. ऑस्ट्रेलियाच्याच सँडी रॉबसन यांनी 2011 ते 2016 या काळात त्याच्या मार्गाचा टप्प्याटप्प्याने माग काढला. आपल्याकडे मुंबईच्या कौस्तुभ खाडे यांनी 2015 मध्ये मुंबई ते गोवा हे सुमारे 400 किलोमीटरचं अंतर कयाकने कापलं आणि पुढे गुजरातपासून कन्याकुमारीपर्यंतचा किनाराही पार केला. कोकणातल्या तरुणांना या खेळाची ओढ लागली त्यात अशा प्रवासांचा वाटा मोठा आहे.

कोण कुणाला दिसतं

पाणी वाटून घेण्याचा प्रश्न आला की बहुतेक जण पहिल्यांदा हक्काचं बोलतात. आधी कुणी जायचं, कुणी थांबायचं. माझं मत असं की हक्काच्या आधी नजरेचा प्रश्न येतो. जो दिसलाच नाही त्याला वाट कोण देणार?

कयाकमध्ये बसलेल्या माणसाचे डोळे पाण्यापासून साधारण 80 सेंटिमीटर उंचीवर असतात. पृथ्वी गोल असल्यामुळे एवढ्या उंचीवरून क्षितिज फक्त 3 किलोमीटरवर येतं. त्यापलीकडच्या मोठ्या बोटीचा वरचा भाग दिसेल, पण पाण्यालगतचं काही दिसणार नाही. ही तुमची नजर. समोरच्याची नजर आणखी अडचणीची. तांडेल, म्हणजे बोट चालवणारा, उंचावर उभा असतो, त्याचं क्षितिज लांब असतं हे खरं. पण त्याला तुमचं दिसतं ते डोकं, खांदे आणि वर-खाली होणारं वल्हं. मीटरभर उंचीची लाट मध्ये आली की तेही गायब. लाटेच्या खळग्यात असताना तुम्ही शे-दोनशे मीटरवरूनही हरवता. रडारचा भरवसा धरू नका. प्लास्टिकची बुटकी कयाक रडारच्या पडद्यावर उमटलीच तर लाटांच्या ठिपक्यांत मिसळून जाते.

आता यात वेग मिसळा. सराव असलेला माणूस कयाक 3 नॉटने, म्हणजे ताशी साडेपाच किलोमीटरने चालवतो. पर्यटकांची स्पीडबोट सहज 25 नॉटने, म्हणजे ताशी 46 किलोमीटरने येते. ती अर्ध्या किलोमीटरवर दिसली तर तुमच्यापाशी पोहोचायला तिला 39 सेकंद लागतात. तेवढ्या वेळात तुम्ही जीव तोडून वल्हवलंत तरी साठेक मीटर सरकाल. म्हणजे तिला पाहून मग वाट सोडू हा बेत धोक्याचा. ती येईल तिथे आधीच न थांबणं हाच खरा उपाय.

मोठ्या जहाजांचं गणित त्याहून वेगळं. मुंबई बंदर आणि न्हावा-शेव्याकडे जाणाऱ्या कंटेनर जहाजांना थांबायला किलोमीटरच्या किलोमीटर लागू शकतात. शिवाय त्यांच्या नाकासमोरचं पाणी जहाज चालवायच्या उंच कक्षातून दिसतच नाही. जहाजाच्या दुप्पट लांबीपर्यंत किंवा 500 मीटरपर्यंत, यातलं जे कमी असेल तेवढं, समोरचं पाणी दृष्टीआड राहायला आंतरराष्ट्रीय नियमच मुभा देतात. त्या पट्ट्यात शिरलेली कयाक जहाजावरच्या कुणालाही दिसत नाही.

आणि सूर्य. पश्चिम किनाऱ्यावर संध्याकाळी सगळ्यांनाच सूर्यास्त पाहायचा असतो. कयाकवालेही बाहेर जातात, पर्यटकांच्या बोटीही बाहेर जातात. बाहेर जाणाऱ्या बोटीचं तोंड पश्चिमेला, म्हणजे चालवणाऱ्याच्या डोळ्यात थेट ऊन आणि पाण्यावर झगमगाट. त्या झगमगाटात समोरची कयाक म्हणजे एक काळा ठिपका. संध्याकाळच्या या तासाची मला इतर कुठल्याही वेळेपेक्षा जास्त काळजी वाटते. लोक लाटा आणि अंधार यांना घाबरतात, पण स्वच्छ हवेत आणि शांत पाण्यात, केवळ उन्हामुळे न दिसणं हे लक्षातच येत नाही.

म्हणून रंगाला महत्त्व आहे. निळी, पांढरी, हिरवट कयाक पाण्यात विरघळते. पिवळी, केशरी, लाल उठून दिसते. अंगावरचं जीवरक्षक जॅकेट आणि टोपी भडक रंगाची हवी, कारण लांबून मुख्यतः तेच दिसतं. वल्ह्याची पाती पांढरी किंवा पिवळी असली की प्रत्येक फटक्याला ती चमकतात. एखादी बोट तुमच्याकडे येतेय आणि तिने तुम्हाला पाहिलेलं नाही असं वाटलं तर वल्हं डोक्यावर उभं धरून डावी-उजवीकडे हलवा. गळ्यात शिट्टी असायलाच हवी. इंजिनाच्या आवाजात ती नेहमी ऐकू जाईल असं नाही, पण आपल्याच गटातल्या लोकांना ती ऐकू जाते.

कायदा काय म्हणतो

समुद्रातल्या वाहतुकीचे जागतिक नियम 1972 च्या करारातून आले आणि 1977 पासून लागू आहेत. भारतही त्यांना बांधील आहे. कोणत्या नौकेने कुणाला वाट द्यावी याची उतरंड त्यात आहे. ताबा सुटलेली नौका, कामामुळे वळू न शकणारी नौका, जाळं लावून मासेमारी करणारी नौका, शिडाची नौका आणि शेवटी इंजिनाची नौका. खालच्या पायरीवरच्याने वरच्याला वाट द्यायची.

या उतरंडीत कयाक कुठे आहे? कुठेच नाही. वल्ह्याच्या नौकांचा उल्लेख येतो तो दिव्यांच्या कलमात. अंधारात वल्ह्याच्या नावेने इतरांसारखे दिवे लावले नाहीत तरी चालेल, पण हाताशी एक विजेरी किंवा पांढरा दिवा असला पाहिजे आणि टक्कर टाळता येईल इतक्या आधी तो दाखवला पाहिजे. एवढंच. त्यामुळे 'माझ्या नावेला इंजिन नाही, म्हणून सगळ्यांनी मला वाट द्यायची' हा समज चुकीचा आहे. तसंच 'कयाक म्हणजे खेळणं, तिने बाजूला व्हायचं' असं बोटवाल्यांनी मानणंही चूक. प्रत्येक नौकेने सतत डोळे-कान उघडे ठेवावेत, थांबता येईल अशाच वेगाने जावं आणि टक्कर टाळण्यासाठी वेळेवर, ठळकपणे दिशा बदलावी, ही कलमं सर्वांना सारखी लागू आहेत.

एक कलम मात्र कयाकवाल्यांनी पाठ करावं असं आहे. अरुंद जलमार्गात 20 मीटरपेक्षा लहान नौकेने, फक्त त्या मार्गातूनच जाऊ शकणाऱ्या नौकेला अडथळा करायचा नाही. यामागचा विचार मला फार पटतो. मासेमारीच्या भरलेल्या बोटीला मीटर-दीड मीटर खोल पाणी लागतं. गोव्यात मांडवी-झुआरीतून खनिज घेऊन जाणाऱ्या बार्जला त्याहून खूप जास्त लागतं. ती बोट खोल पट्टा सोडू शकत नाही. सोडला तर वाळूवर बसेल. कयाकला वीतभर पाणी पुरतं. ती कुठूनही जाऊ शकते. ज्याला सरकता येतं त्याने सरकावं, यात हार-जीत काही नाही.

बंदरात शिरताना आपल्याकडच्या पद्धतीप्रमाणे लाल बोये, म्हणजे वाट दाखवणाऱ्या तरंगत्या खुणा, डाव्या हाताला आणि हिरवे उजव्या हाताला राहतात. त्या दोन रांगांमधलं पाणी मोठ्यांचं. तुम्ही बोयांच्या बाहेरून, उथळ बाजूने चाला. पलीकडे जायचंच असेल तर काटकोनात, सगळ्यांनी मिळून, एका झपाट्यात. दहा कयाक एकामागोमाग लांबलचक रांगेत ओलांडू लागल्या तर येणाऱ्या बोटीला कुठूनच वाट उरत नाही. त्याच दहा शेजारी-शेजारी, जवळ राहून ओलांडल्या तर एका बोटीएवढी जागा अडते आणि लांबून दिसतातही. फेऱ्या चालवणाऱ्यांनी आपल्या पाहुण्यांना बाकी काही नाही तरी एवढं शिकवावं.

भोंग्याची भाषा छोटी आहे. एक आखूड भोंगा म्हणजे मी उजवीकडे वळतोय, दोन म्हणजे डावीकडे, तीन म्हणजे इंजिन उलटं फिरवतोय. पाच किंवा जास्त आखूड भोंगे म्हणजे तुमचं काय चाललंय ते मला कळत नाही. पाच भोंगे ऐकू आले तर ते बहुधा तुमच्यासाठीच आहेत असं धरा आणि ठळक दिसेल अशी एकच दिशा पकडून बाजूला व्हा.

समोरून येणारी बोट आपल्याला धडकणार की जवळून निघून जाणार हे ओळखायची एक जुनी, साधी खूण आहे. स्वतःची दिशा आणि वेग तसाच ठेवा आणि ती बोट तुमच्या कयाकच्या टोकापासून किती कोनात दिसते ते पाहा. मिनिटभराने पुन्हा पाहा. कोन बदलत असेल तर ती पुढून किंवा मागून निघून जाईल. कोन तोच राहिला आणि बोट मोठी होत गेली, तर तुम्ही दोघं एकाच जागी एकाच वेळी पोहोचणार आहात. मग थांबा किंवा तिच्या मागच्या बाजूला वळा. पुढून निसटायचा मोह टाळा. ती गेली की तिच्या लाटा येतील, तेव्हा कयाकचं तोंड लाटांकडे करा.

गर्दी भरती-ओहोटीमुळे होते

पाणी एवढं अफाट असताना सगळे एकाच जागी का येतात? याचं उत्तर भरती-ओहोटीत आहे.

कोकणातली पद्धत अशी की तिथीच्या पाऊणपट केली की पूर्ण भरतीची अंदाजे वेळ मिळते. पंचमीला पाचाची पाऊणपट पावणेचार, म्हणजे पावणेचारच्या सुमाराला भरती आणि त्यानंतर सव्वासहा तासांनी, दहाच्या आसपास पूर्ण ओहोटी. अष्टमीला सहाला भरती, पौर्णिमा-अमावस्येला सव्वाअकराला. गावागणिक वेळ थोडी मागे-पुढे होते, म्हणून छापील तक्ता किंवा फोनवरचा तक्ता पाहावाच, पण ही रीत डोक्यात असली की तक्ता चुकीच्या दिवसाचा उघडलाय का तेही लगेच कळतं. पौर्णिमा-अमावस्येच्या आसपास उधाण, तेव्हा पाणी जास्त चढतं आणि जास्त उतरतं. अष्टमीच्या आसपास भांग, तेव्हा चढ-उतार कमी.

पाणी सहा तास सारख्या वेगाने उतरत नाही. समजा भरती आणि ओहोटीत 2.4 मीटरचा फरक आहे. तर पहिल्या तासात साधारण 20 सेंटिमीटर उतरेल, दुसऱ्यात 40, तिसऱ्या आणि चौथ्यात प्रत्येकी 60, पाचव्यात पुन्हा 40 आणि सहाव्यात 20. म्हणजे मधल्या दोन तासांत निम्मं पाणी निघून जातं आणि खाडीच्या तोंडाशी ओढ सर्वात जोरात असते. मुंबईकडे उधाणाची भरती पाच मीटरच्या जवळ जाते, त्यामुळे तिथल्या खाड्यांमधली ओढ मालवण-गोव्यापेक्षा कितीतरी जास्त. तुमचा वेग 3 नॉट आणि समोरून येणारा प्रवाहही 3 नॉट असेल, तर तुम्ही घाम गाळत एकाच जागी उभे.

आता गर्दीकडे या. पाणी उतरलं की खाडीत वाळूचे पट्टे उघडे पडतात आणि चालू राहतो तो एक अरुंद खोल पट्टा. मासेमारीच्या बोटी, पर्यटकांच्या बोटी, फेरीबोट, सगळे त्याच पट्ट्यात कोंबले जातात. शिवाय उथळ मुखातून बोटी आत-बाहेर करतात त्या भरतीच्या हिशेबाने, म्हणजे एकाच तासाभरात. कयाकची फेरी नेमकी त्या तासात आणि नेमकी धक्क्यासमोर सोडणं ही फेरी चालवणाऱ्याची चूक आहे, पर्यटकाची नाही. धक्क्यावरच्या कुठल्याही नाखव्याला विचारलं तर आज बोटी किती वाजता येणार ते तो सांगेल. विचारायला एक चहा पुरतो.

वाऱ्याचाही असाच दिनक्रम आहे. हिवाळ्यात आणि उन्हाळ्याच्या सुरुवातीला पहाटे जमिनीकडून समुद्राकडे मतलई वारे वाहतात. पाणी काचेसारखं शांत असतं, पण हा वारा हळूच बाहेर ढकलत नेतो आणि किनाऱ्याजवळ असेपर्यंत त्याचा जोर जाणवत नाही. दुपारी खारे वारे सुरू होतात, वायव्येकडून, आणि लाटांना फेस येतो. सर्वात वाईट मेळ म्हणजे दुपारचा वारा आत येतोय आणि ओहोटीचं पाणी खाडीतून बाहेर पडतंय. दोघं मुखाशी एकमेकांवर आदळतात, लाटा आखूड आणि उभ्या होतात, जागीच फुटतात. सकाळी जिथून हसत बाहेर पडलात त्याच जागेतून तेव्हा परत येता येत नाही. म्हणून बाहेर पडताना परतीच्या वेळेचं पाणी आणि वारा आधी पाहायचा.

पाण्याखालचं पाहायला शिका

होडी दिसते. जाळं दिसत नाही, आणि कयाकवाले व मच्छीमार यांच्यातले बहुतेक खटके जाळ्यांवरून उडतात.

सिंधुदुर्गात रापण अजून ओढली जाते. होडी किनाऱ्यापासून निघते, समुद्रात मोठं अर्धवर्तुळ काढत जाळं सोडत जाते आणि दुसऱ्या जागी किनाऱ्याला लागते. मग दोन्ही टोकांचे दोर पकडून माणसांचे दोन गट ते जाळं ओढत आणतात. हे काम तासन् तास चालतं. बाहेरून पाहणाऱ्याला मधलं पाणी मोकळं वाटतं. पण ते अर्धवर्तुळ म्हणजे त्या दिवसापुरतं रापणकरांचं पिकाला आलेलं शेत आहे. त्यात कयाक घातली की वल्ह्याच्या आवाजाने मासे बिथरतात आणि दोरांत अडकण्याचा धोका वेगळाच. किनाऱ्यावर दोन ठिकाणी माणसं रांगेत उभी राहून दोर ओढताना दिसली की त्यांच्या मधल्या पाण्यात शिरू नका. जाळ्याच्या पार बाहेरून वळसा घ्या, नाहीतर कयाक किनाऱ्याला लावा आणि दोर ओढायला हात द्या. मी तर दुसरं सुचवेन.

रायगड, मुंबई, पालघरच्या बाजूला डोल जाळी असतात. समुद्राच्या तळात ठोकलेल्या खुंटांना बांधलेली लांब पिशवीसारखी जाळी, तोंड प्रवाहाकडे. प्रवाहच मासे आत ढकलतो. याचाच अर्थ प्रवाह कयाकलाही तिकडेच ढकलतो. खुंट किंवा ताणलेला दोर यावर कयाक आडवी चिकटली तर पाण्याचा दाब तिला उलटवतो आणि माणूस दोरांच्या बाजूला पडतो. हा किनाऱ्यावरचा सर्वात गंभीर धोका आहे असं मी मानतो. खुंटांची रांग दिसली की प्रवाह जिथून येतोय त्या बाजूने कधीही जवळून जाऊ नका.

तरंगत्या जाळ्यांना बोये आणि टोकाला झेंडा असतो. कयाक दोरावरून सहज घसरत जाते, पण पाठीमागची सुकाणूची पाती खाली असेल तर दोर तिच्यात अडकतो. पाती वर घ्या आणि दोन बोयांच्या मधोमध, जिथे दोर सर्वात खोल असतो, तिथून जा. सुरीने दोर कापायची वेळ फक्त जिवावर बेतलं तरच. एका जाळ्याची किंमत हजारोंत असते आणि ते कुणीतरी कर्ज काढून घेतलेलं असतं.

रात्री मासेमारी करणारी बोट ओळखायची ती वर लाल आणि खाली पांढरा अशा दिव्यांवरून. ट्रॉलर असेल तर वर हिरवा आणि खाली पांढरा. ट्रॉलरच्या मागे लांबवर जाळं असतं, म्हणून तिच्या मागून जवळून जाणं टाळायचं. खरं तर रात्री नवख्याने कयाक घेऊन बोटींच्या वाटेवर जाऊच नये.

आणखी काही सोबती आहेत ज्यांना भोंगा वाजवता येत नाही. वाळूच्या दांड्यावर बसलेले स्थलांतरित पक्षी बोटीपेक्षा कयाकला जास्त दचकतात, कारण ती गुपचूप अगदी जवळ येते. ते उडू लागले तर तुम्ही फार जवळ गेलात. डॉल्फिनचा पाठलाग नको, त्यांना हवं असेल तर तेच येतील. मालवणच्या सागरी अभयारण्यात, जे 1987 पासून आहे, खडकांवर आणि प्रवाळावर उभं राहायचं नाही. गोव्यात कुंभारजुव्याच्या कालव्यात मगरी आहेत, तिथे पाण्यात पाय सोडून बसू नका. कांदळवनात शिरायचं तर वाटाड्याबरोबर. वेंगुर्ल्याच्या मांडवी खाडीत बचत गटाच्या महिला वल्ह्याच्या होडीतून कांदळवन दाखवतात. ज्या पाण्यात त्यांचं आयुष्य गेलं त्याची ओळख त्यांच्याइतकी चांगली दुसरं कोण करून देणार?

इंजिनवाल्यांचं काय

इथवर बरंचसं ओझं कयाकवाल्यावर टाकलं, कारण तोच नवा आणि तोच नाजूक. पण वेगाची जबाबदारी वेगवानाचीच असते. 18 डिसेंबर 2024 ला, मुंबई बंदरात भर दुपारी, घारापुरीला निघालेल्या नीलकमल या प्रवासी नौकेला इंजिनाची चाचणी चालू असलेली नौदलाची वेगवान नौका धडकली आणि 15 जणांचा जीव गेला. शंभराहून जास्त माणसं घेऊन जाणारी, दुरून स्पष्ट दिसणारी नौका होती ती. इतकी मोठी नौका वाचू शकली नाही, तर वेगाने वेड्यावाकड्या गिरक्या घेणाऱ्या जेट स्कीसमोर कयाकचं काय होईल?

वेगवान खेळ आणि वल्ह्याच्या नावा यांचे पट्टे पाण्यावर बोये लावून वेगळे करायला हवेत. किनाऱ्याजवळ वेगाला मर्यादा हवी आणि ती पाळली जाते का हे पाहणारं कुणीतरी रोज पाण्यावर हवं. महाराष्ट्रात जलक्रीडांचे परवाने मेरीटाइम बोर्ड देतं, आणि पर्यटन मंत्रालयाची जलक्रीडा प्रशिक्षण संस्था शेजारी गोव्यातच आहे. ज्ञान आणि यंत्रणा दोन्ही हाताशी आहेत. बोट चालवणाऱ्या मुलांना मी दोष कमी देतो. दिवसाला जितक्या फेऱ्या तितका पैसा, अशा हिशेबात त्यांना बसवलं की ते वेग कमी करणार नाहीत. तो हिशेब परवाना देणाऱ्यांनी बदलायला हवा.

निघण्यापूर्वी

जॅकेट घातलेलंच हवं, कयाकला बांधलेलं नाही. पडल्यावर लाटांमध्ये ते अंगात चढवता येत नाही. आपलं पाणी उबदार असल्यामुळे थंडीने गारठण्याचा धोका कमी, पण ऊन आणि तहान माणसाला लवकर थकवतात. दोन तासांच्या फेरीलाही माणशी किमान दीड-दोन लिटर पाणी घ्या. पावसाळ्यात जाऊ नका. 1 जून ते 31 जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते. म्हणजे तेव्हा समुद्र मोकळा दिसेल, पण अडचणीत मदतीला येणाऱ्या होड्याही तेव्हा किनाऱ्यावर ओढून ठेवलेल्या असतात.

2008 च्या मुंबई हल्ल्यातले दहशतवादी समुद्रातून आले होते. तेव्हापासून अनोळखी नावेकडे किनाऱ्यावरची गावं बारकाईने पाहतात आणि त्यांनी पाहावंच. लांबच्या प्रवासाला निघताना सागरी पोलिसांना मार्ग आणि मुक्काम कळवा, ओळखपत्र पाणबंद पिशवीत जवळ ठेवा, आणि गावाच्या किनाऱ्याला लागलात की आधी जो भेटेल त्याला आपण कोण, कुठून आलो ते सांगा. अडचणीत तटरक्षक दलाचा 1554 आणि सागरी पोलिसांचा 1093 हे क्रमांक फोनमध्ये हवेत, आणि फोनही पाणबंद पिशवीत, अंगाला बांधलेला. कयाकला बांधलेला फोन कयाकबरोबर वाहून जातो.

कयाकच्या आत, बसायच्या जागेजवळ, न पुसणाऱ्या शाईने आपलं नाव आणि किनाऱ्यावरच्या एखाद्या माणसाचा फोन नंबर लिहून ठेवा. उधाणात वाळूवरून सुटलेली रिकामी कयाक एखाद्या ट्रॉलरला समुद्रात सापडली, तर ते लोक माणूस बुडाला असंच समजतात आणि आपली मासेमारी सोडून शोध घेत राहतात. नंबर असेल तर एका फोनवर त्यांना कळतं की माणूस घरी सुखरूप आहे, आणि ते पुन्हा आपल्या जाळ्याकडे वळू शकतात.